चौकोनाच्या मध्यावर

१

सकाळी कॉफीचा कप घेऊन द्रागा संगणकासमोर बसायची आणि लोकांच्या चुका काढायची. निवृत्तीनंतर इतकं सुखाचं काम मिळायला नशीब लागतं. उभा जन्म तिनं राकेकच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा चुका काढायचा पगार मिळायचा, आता त्याच फुकट काढायच्या, एवढाच काय तो फरक.

आमच्या निसर्गमंडळाची पद्धत साधी आहे. जंगलात, कुरणात, परसात ज्याला जे दिसेल त्यानं ते मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायचं: काय दिसलं, कुठे, कधी, किती. मग द्रागानं ते तपासायचं. कुणी लिंक्स, म्हणजे जंगलातलं ते मोठं मांजर, दिसला म्हणून फोटो टाकला, तर द्रागा उत्तर द्यायची, "हे रानमांजर नाही, घरचं मांजर आहे. गळ्यात घंटा दिसतेय." कुणाला गरुड दिसायचा, तो पोरांचा पतंग निघायचा. अशा नोंदी ती बाजूला काढून ठेवी, पण पुसत मात्र नसे. नोंद पुसायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम. आज वेडगळ वाटलेली गोष्ट उद्या खरी निघते, असं जुनी माणसं सांगून गेली होती.

त्या हिवाळ्यात मंडळानं ठरवलं की सगळं खुलं करायचं. तोवर नोंदी फक्त सभासदांना दिसत; आता जगातल्या कुणालाही दिसणार होत्या. इथून त्या नोंदी देशाच्या माहितीसाठ्यात जाणार, तिथून युरोपच्या, तिथून आणखी कुठल्या कुठे. सभेत टाळ्या पडल्या, अक्रोडाची पोतित्सा, आमचा सणासुदीचा गोड पाव, कापली गेली. एकट्या द्रागानं हात वर केला.

"घुबडांची घरटीही दाखवणार का सगळ्यांना? काळ्या करकोच्याचं झाड? उद्या कॅमेरेवाल्यांची जत्रा भरेल, मग बोंबलत बसा."

मंडळाचे संगणक सांभाळणारी श्पेला म्हणाली, "त्याची सोय केलीय, बाई. नाजूक प्राण्यांची खरी जागा दाखवायचीच नाही. नकाशाचे मोठमोठे चौकोन पाडलेत. प्राणी चौकोनात कुठेही असो, ठिपका पडणार चौकोनाच्या बरोबर मध्यावर. मग बसा शोधत!"

"आणि मध्यावर काय आहे, ते पाहिलंस?"

"जंगल असणार. आपल्याकडे दुसरं आहे काय?"

सगळे हसले. द्रागाही हसली आणि तिनं पोतित्साचा दुसरा तुकडा घेतला.

२

द्रागाचा धाकटा भाऊ लोय्झे ब्रेझ्येला राहायचा. ब्रेझ्ये म्हणजे जंगलाच्या कुशीतली चार घरं, त्यातली तीन कुलूपबंद. बायको गेल्यापासून लोय्झेला बोलायला माणूस नव्हतं. तो बहिणीला फोन करी, तासभर गवताबद्दल बोले, आणि बहीण "बरं, ठेवते आता" म्हणाली की त्याला राग येई.

वसंतात एका दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, माझ्या अंगणात घुबड राहतं का गं?"

"तुझ्या डोक्यात राहत असेल."

"थट्टा नाही. दोन झेक माणसं आलीत, नवरा-बायको. एवढाले कॅमेरे! फोनवर नकाशा दाखवतात आणि म्हणतात, इथंच आहे. ठिपका बघतो तर काय, आपल्या गवताच्या मांडवावर!"

द्रागानं नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारला. तो सबंध चौकोन म्हणजे जंगल, डोंगर आणि तळं; आणि त्याचा मध्य पडला होता नेमका लोय्झेच्या अंगणात, जिथं त्याचा गवत वाळवायचा, आडव्या दांड्यांचा लाकडी मांडव उभा होता. चौकोनातली लपवलेली सगळी घुबडं, करकोचे, लिंक्स एकावर एक रचून त्या मांडवावर आणून ठेवली होती.

"लोय्झे, चूक झाली बघ. मी श्पेलाला सांगून ठिपका हलवते."

"खबरदार! बाई सॉसेज आणि आंबवलेला कोबी जेवली, नवऱ्यानं आलुबुखाऱ्याची दारू मागून घेतली. परत येतो म्हणालेत. राहू दे की तो ठिपका. तुझं काय जातंय?"

खरंच, तिचं काय जात होतं? भावाच्या आवाजात फार दिवसांनी जान आली होती. तिनं ठिपका राहू दिला.

३

मग नोंदी यायला लागल्या. 'ब्रेझ्ये, मांडवाशेजारचं घर, छपरावर मोठं घुबड.' द्रागानं ती बाजूला काढली. उघड होतं, लोक नकाशा पाहून येतात, काही दिसत नाही, आणि रिकाम्या हातानं परतायची लाज वाटते म्हणून थाप मारतात. दुसरी आली, तिसरी आली. तिसऱ्या नोंदीबरोबर फोटो होता. लोय्झेचं छप्पर, त्याचं वाकडं धुराडं, आणि धुराड्याशेजारी भर उन्हात बसलेलं घुबड.

पुढच्या आठवड्यात काळा करकोचा अंगणात उतरला. माणसाची चाहूल लागली तर घरटं सोडून देणारा पक्षी, तो लोय्झेच्या विहिरीपाशी उभा राहिला. मग लिंक्स. लाकूड फोडायच्या ओंडक्याजवळ, दुपारचा, बसलेला.

द्रागानं स्वतःला समजावलं. वरच्या जंगलात झाडतोड चालू होती. पाऊस कमी होता, विहिरीला पाणी होतं. पाहुणे उष्टं टाकत असतील. एकेक कारण घेतलं तर पटत होतं. शेवटी तिनं गाडी काढली आणि स्वतःच बघायला गेली.

घुबड छपरावर होतं, करकोचा विहिरीशी होता. लिंक्स कुंपणाला टेकून पडला होता आणि त्याच्यापासून वीस पावलांवर तीन माणसं फोटो काढत होती. लोय्झे मधोमध नवरदेवासारखा मिरवत होता. "या, ताई! आमचं हॉटेल बघा!"

काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे कळायला तिला थोडा वेळ लागला. दिवसा घुबड दिसलं की बाकीचे पक्षी त्याला शिव्यांची लाखोली वाहतात. चिमण्या, टिट, कस्तुर, सगळे जमून कलकलाट करतात, त्याला हुसकल्याशिवाय राहत नाहीत. ब्रेझ्येच्या झाडीत पक्षी भरपूर होते. पानांआड बसलेले तिला दिसत होते. पण एकही पक्षी चोच उघडत नव्हता.

आणि छपरावरचं घुबड, विहिरीवरचा करकोचा, कुंपणाचा लिंक्स या तिघांनी तोंडं एकाच बाजूला फिरवली होती, मांडवाकडे. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं आतल्या दाराकडे बघत राहतात, तशी ती बघत होती. मांडवात गेल्या वर्षीचं थोडं गवत होतं. दुसरं काही नव्हतं.

४

"पाहुणे सगळे चांगले आहेत," लोय्झे फोनवर सांगत होता. "एकच माणूस जरा तऱ्हेवाईक आहे."

"कोण?"

"तो मांडवात उभा राहतो. संध्याकाळच्या आधी येतो. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. आत या म्हटलं तर येत नाही. पण माणूस वाईट नाही हं. मी हात केला की तोही हात करतो. जरा उशिरा करतो, एवढंच."

द्रागानं कप खाली ठेवला. "उशिरा म्हणजे?"

"म्हणजे मी हात करतो, खाली घेतो, वळतो, आणि मग तो करतो. लाजाळू असेल."

"दिसतो कसा?"

"उंच आहे. म्हणजे... नाही, तसा उंच नाही म्हणता येणार. अंगात काहीतरी करडं असतं. टोपी असावी." लोय्झे थांबला. "कमाल आहे! रोज बघतो आणि आता सांगता येईना. म्हातारा झालो मी, ताई."

"लोय्झे, त्याच्याजवळ जाऊ नकोस."

"का? तू ओळखतेस त्याला?"

"नाही," द्रागा म्हणाली, आणि ते खरं होतं. पण त्या ठिपक्याखाली घुबडं, करकोचे आणि लिंक्स यांच्याशिवाय आणखी एक नोंद होती, आणि ती तिला आत्ता आठवली होती.

ती नोंद बोगोमिर मास्तरांची होती. जंगलखात्यात हयात घालवलेला माणूस. मंडळातल्या अर्ध्या लोकांना पक्षी ओळखायला त्यांनी शिकवलं, द्रागालासुद्धा. त्यांची नोंद कधी बाजूला काढायची वेळ आली नाही. ही नोंद त्यांनी पाठवली तेव्हा प्राण्याच्या नावाची जागा कोरी होती. संख्या: एक. शेरा: 'उभं आहे.' आणि त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "ही जागा लपव, द्रागा. कुणाला दाखवू नकोस." तिनं कोऱ्या नावाची नोंद नाजूक प्राण्यांत टाकली. पुसायची तर नव्हतीच. त्यानंतर मास्तर जंगलात गेले नाहीत. दुर्बीण विकून टाकली आणि समुद्रकाठी इझोलाला लेकीकडे राहायला गेले. वयामुळे गेले, असंच सगळ्यांनी धरलं.

५

"कोण, द्रागा? अगं पोरी, किती दिवसांनी!" मास्तरांचा आवाज खणखणीत होता. मागे सीगल पक्ष्यांचा गोंगाट चालला होता. तिनं सगळं सांगितलं, चौकोन, मध्य, मांडव, भाऊ. मास्तर ऐकत राहिले.

"तू जागा दाखवलीस," ते म्हणाले.

"खरी नाही दाखवली, मास्तर. मध्यावर ठेवली, नियमाप्रमाणे."

"म्हणजे जिथे नव्हतं तिथे ठेवलीस आणि सगळ्या जगाला सांगितलंस की तिथे आहे."

द्रागानं विचारलं, "काय होतं ते?"

"ठाऊक असतं तर नाव लिहिलं नसतं का? मी नाव लिहिल्याशिवाय कधी सोडलंय?"

"मला वाटलं, त्या प्राण्याला लोकांचा त्रास होऊ नये म्हणून लपवायला सांगताय."

"तुम्हा लोकांना तेवढंच सुचतं," मास्तर म्हणाले, पण रागावून नाही. "हे बघ. मला ते दिसलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होतं. झाडाला तोंड करून उभं होतं. मला आपली जन्माची खोड, दिसलं की लिहायचं. मी खाली बघितलं, वेळ लिहिली, संख्या लिहिली. आणि मान वर केली."

सीगल ओरडत होते. एवढे पक्षी ओरडताहेत म्हणून द्रागाला त्या क्षणी मास्तरांचा हेवा वाटला.

"भावाला म्हणावं, त्याला घरात बोलवू नको," मास्तर म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी लोय्झेच्या नावाच्या संताचा सण. आमच्याकडे वाढदिवस विसरला तर चालतो, हा दिवस विसरून चालत नाही. मास्तरांशी बोलून त्याच दुपारी द्रागा ब्रेझ्येला पोचली ती भावाला उचलून न्यायच्या तयारीनं. स्वयंपाकघरात पिठाचा पसारा होता. लोय्झेनं एवढी मोठी परात त्याच्या लग्नानंतर काढली नसावी.

"चल माझ्याकडे. उद्याचा सण राकेकला करू."

"वेड लागलं का तुला? उद्या झेक जोडपं येणार, ल्युब्ल्यानाहून चौघं येणार. आणि त्यालाही मी आत आणणार आहे."

"कुणाला?"

"मांडवातल्याला. माणूस महिनाभर दारात उभा राहतो आणि मी सणाच्या दिवशी त्याला बाहेर ठेवू? आई असती तर तिनं मला लाटण्यानं बडवलं असतं. उद्या सरळ जाऊन हात धरून आणतो. टेबलाच्या टोकाला त्याचं ताट."

"लोय्झे, माझं ऐक. तो माणूस नाही."

लोय्झेनं हात पुसले आणि बहिणीकडे पाहिलं. "तुझं एक कळत नाही मला. बायको गेली तेव्हा म्हणालीस, लोकांत मिसळ. लोक घरी आले, तर आता म्हणतेस, हा नको, तो नको. तू येतेस ती वर्षातून तीनदा, आणि येताच घड्याळ बघतेस. ते येतात आणि बसतात." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला ते लपवायचंही भान नव्हतं.

घरात आवाज म्हणून एकच होता, चुलीवरच्या दुधाचा. तेवढ्यात बाहेर लाकूड वाजलं. मांडवाच्या आडव्या दांड्यावर कुणी हात टेकावा, मग त्याच्या वरच्या दांड्यावर, मग त्याच्याही वरच्या, तसं.

"आला बघ आज लवकर," लोय्झे म्हणाला. खिडकीपाशी जाऊन त्यानं हात हलवला, आणि परत पिठाकडे वळला.

द्रागा खिडकीशी गेली. दांड्यांच्या आड, गवतापेक्षा जरा गडद असं ते उभं होतं. सवयीनं तिचे डोळे कामाला लागले: आकार, रंग, ठेवण, पायांची जागा. झाडीत क्षणभर हललेल्या पंखावरून पक्ष्याचं नाव सांगणारी ती बाई. समोर भर उजेडात ते उभं असताना तिला लिहिण्याजोगी एकही खूण मिळेना. नजर ठरायला जाई आणि शेजारच्या दांड्यावर जाऊन पडे. मग त्यानं हात वर केला. कोपर जिथे वाकायला हवं त्याच्या बऱ्याच खाली वाकलं.

तिनं पडदा ओढला.

"केला ना त्यानं हात?" लोय्झेनं पाठमोऱ्यानंच विचारलं. "बघ! म्हटलं नव्हतं, चांगला आहे म्हणून!"

७

लोय्झे काही हलला नाही. द्रागा एकटीच राकेकला परतली आणि कोटसुद्धा न काढता संगणकासमोर बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं नोंद पुसली. मग श्पेलाला फोन लावला.

"बाई, आपल्याकडून पुसलं तरी बाहेरच्या साठ्यांत ते तसंच राहतं," श्पेला म्हणाली. "त्यांनी आपल्या प्रती काढल्यात. तुम्ही काढून टाकलंत हे त्यांना कळायला महिने जातात. जागा बदलली, तर मात्र आज संध्याकाळीच सगळीकडे बदलेल. सांगा, कुठे नेऊ? आणि ही कुठली नोंद आहे? नावच नाही! तुम्हाला माहितीय का, सगळ्यात जास्त लोक हीच बघतात. बिननावाचा प्राणी म्हटल्यावर काय विचारता!"

"ठिपकाच नको. काही करता येत नाही का?"

"येतं की. सबंध चौकोन रंगवून टाकते. म्हणजे तो प्राणी चौकोनात कुठेही."

कुठेही. त्या चौकोनात अकरा गावं होती आणि एक शाळा. द्रागा म्हणाली, "नको, नको."

"मग मास्तरांची मूळ जागा?"

मूळ जागी आता पायवाट झाली होती आणि रविवारी तिथे लेकुरवाळी माणसं जायची. तळ्याच्या मध्यावर ठेवावं, तर तळं उन्हाळ्यात आटतं आणि तिथे गवत कापायला माणसं उतरतात. डोंगराच्या माथ्यावर ठेवावं, तर कॅमेरेवाले माथ्यावर चढतील. द्रागानं नकाशावर बोट फिरवून पाहिलं. जिथे ठिपका, तिथे माणूस जाणार; त्यासाठीच तर सगळं खुलं केलं होतं. कुणी आपणहून येणार नाही, आलं तरी दार उघडलं जाणार नाही, अशी एकच जागा तिच्या हातात होती.

"तिसरा मजला लिहिता येतो का गं?" तिनं विचारलं.

"काय?"

"काही नाही. मीच बदलते. नोंद परत घालते, तू फक्त पुढे पाठव."

श्पेला जरा घुटमळली. "बाई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. भावाकडे उद्या सण आहे."

तिनं नोंद पुन्हा घातली. नाव कोरं ठेवलं. जागेपुढे स्वतःच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा पत्ता लिहिला, आणि या वेळी जागा लपवली नाही. शेऱ्यात काय लिहावं याचा विचार केला आणि मास्तरांचंच ठेवलं. मग उठून खाली दुकानात जाऊन ब्रेड आणला, कारण उद्या बाहेर पडता येईल की नाही, याचा भरवसा नव्हता.

८

सणाच्या दिवशी दुपारी लोय्झेचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, पेले वाजत होते, कुणीतरी भलत्याच सुरात गात होतं. आणि त्या सगळ्याच्या वर, खिडकीबाहेर, पक्षी ओरडत होते.

"ताई, ऐकतेस ना? काय कलकलाट लावलाय पाखरांनी! त्या घुबडाला पिटाळूनच लावलं. आणि तो काही आला नाही गं. मी मांडवात जाऊन हाका मारल्या. ताट तसंच राहिलं."

"नसेल जमलं त्याला," द्रागा म्हणाली.

ती स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसली होती. राकेकमध्ये या दिवसांत पाकोळ्या इमारतीभोवती चीत्कारत फिरतात, बोलणं ऐकू येत नाही. आज सकाळपासून त्या छपराच्या वळचणीला गप्प बसून होत्या. खालच्या मजल्यावरचा कुत्रा आज भुंकला नव्हता. बाहेरच्या खोलीत, जिथे तिची पुस्तकांची फळी होती, तिथे लाकडावर काहीतरी टेकलं. मग त्याच्या वरच्या फळीवर.

"तुझा आवाज असा का येतोय? कुणी आलंय का तुझ्याकडे?"

"हो. आलंय."

"अरे वा!" लोय्झे मनापासून खूष झाला. "बरं झालं बाई. मी इथे एवढ्या माणसांत आणि तू तिथे एकटी, घास उतरत नव्हता मला. बसव त्याला, खायला दे काहीतरी. बरं, ठेवतो मग."

"लोय्झे."

"काय?"

"ठेवू नकोस. गवताचं सांग ना. यंदा कसं आलंय?"

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वरच्या कुरणातलं गवत छान आलंय, त्यानं सुरुवात केली, खालच्यात मात्र दलदल आहे, यंत्र रुतलं परवा. द्रागा फोन कानाशी गच्च धरून, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत, "हं, मग?" म्हणत राहिली. आणि जन्मात पहिल्यांदा बहीण ऐकतेय म्हणून लोय्झे अगदी सुरुवातीपासून, काही न गाळता, सांगत राहिला.